सर, हबशी म्हणजे काय? – निवासी शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि हाउसमास्तरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या निवासी शाळांचे मुख्याध्यापक, विश्वस्त आणि हाउसमास्तर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. सातारा जिल्ह्यात, घाटावरच्या एका निवासी शाळेत मी एकवीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली चौदा वर्षं हाउसमास्तर होतो. रात्री दिवे मालवण्यापासून पहाटे मुलांना पीटीला बाहेर काढण्यापर्यंत, तापाच्या गोळीपासून हरवलेल्या मोज्यापर्यंत सगळं माझ्याकडे असे. तुमचा दिवस कसा जातो हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच हे पत्र शिक्षण खात्याला किंवा पालकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

डिलिबे ओनियामा हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. मीही ते पुष्कळ उशिरा ऐकलं. ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

१९५१ साली नायजेरियातल्या एनुगू शहरात जन्मलेला हा इग्बो जमातीतला मुलगा. वडील ऑक्सफर्डला शिकलेले, कायद्याच्या क्षेत्रातले मोठे गृहस्थ. पुढे ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाले. मुलगा जन्मला तेव्हाच त्यांनी त्याचं नाव इंग्लंडमधल्या ईटन कॉलेजात घालून ठेवलं. ईटन म्हणजे १४४० साली सहाव्या हेन्री राजाने थेम्सच्या काठी काढलेली शाळा. नदीच्या पलीकडे विंडसरचा राजवाडा. ब्रिटनचे वीस पंतप्रधान या एका शाळेतून निघाले. तिथली मुलं आजही काळा टेलकोट घालून वर्गात जातात. तिथे मुलाचं नाव जन्मतःच नोंदवून ठेवायची रीत इंग्लंडच्या बड्या घराण्यांत होती. एका आफ्रिकी बापाने ती आपल्या मुलासाठी पाळली, आणि जानेवारी १९६५ मध्ये, चौदा वर्षांचा होऊन डिलिबे तिथे दाखल झाला.

तो तिथला पहिलाच कृष्णवर्णीय मुलगा नव्हता. आदल्या वर्षी टोकुन्बो अकिंटोला आला होता, पश्चिम नायजेरियाच्या प्रीमियरचा, म्हणजे तिथल्या प्रांताच्या मुख्यमंत्र्याचा मुलगा. जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात त्याच्या वडिलांची हत्या झाली. टोकुन्बोचं ईटन अर्धवट राहिलं. शिक्षण पुरं करून बाहेर पडलेला पहिला कृष्णवर्णीय मुलगा डिलिबेच. आशियातल्या राजघराण्यांची मुलं त्याआधी कितीतरी वर्षं तिथे शिकून गेली होती, सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा प्रजाधिपोक हा त्यांतला एक. राजांची मुलं सामावून घ्यायला अशा शाळांना कधी जड गेलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ईटनचं आपल्याला काय? थोडं थांबा. आपण ज्याला 'हाउस' म्हणतो, 'प्रीफेक्ट' म्हणतो, संध्याकाळच्या अभ्यासाला 'प्रेप' म्हणतो, मुलांच्या खाऊच्या डब्याला 'टक' म्हणतो, ते सगळं कुठून आलं? १८७५ साली अजमेरला मेयो कॉलेज निघालं ते हिंदुस्थानचं ईटन व्हावं म्हणून. १९३५ मध्ये डेहराडूनला दून स्कूल सुरू झालं तेव्हा पहिले हेडमास्तर आर्थर फूट आले ते ईटनमधली विज्ञानशिक्षकाची नोकरी सोडून. त्या शाळांच्या पोटी पुढच्या शाळा आल्या आणि त्यांच्या रांगेत आपली. मी ज्या खुर्चीत चौदा वर्षं बसलो तिचा नमुना तिकडचा आहे. खुर्चीबरोबर सवयीही आल्या.

डिलिबेला तिथे रोज विचारत, तू काळा का? तुझ्या केसांत किती किडे आहेत? तुझी आई नाकात हाड घालते का? हे त्याने स्वतः पुन्हापुन्हा सांगितलं आहे. रोज. त्या शब्दावर मी थांबतो, कारण आपण मास्तर मंडळी नेहमी एखादा प्रसंग शोधत असतो. कोणी मारलं, कधी मारलं, कोण साक्षीदार. इथे प्रसंग नाहीच. सकाळी आंघोळीच्या रांगेत एक, जेवणाच्या टेबलावर एक, खेळाच्या मैदानावर एक, असं थेंबथेंब. एकेक थेंब हातात घेऊन पाहिला तर त्यात काही दिसत नाही. विचारणारा मुलगा हसत असतो, ऐकणारी हसत असतात, आणि मास्तर दारातून जाताना त्यालाही वाटतं की पोरं मजेत आहेत.

अभ्यासात मागे पडला तर काळा म्हणून. खेळात पुढे गेला तरी काळा म्हणून. आणि ओ लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या शालान्त परीक्षेत सात विषयांत पास झाला, तेव्हा शाळा चकितच झाली. सांग ना, हे जमवलंस कसं, असं त्याला किती जणांनी किती वेळा विचारलं. कॉपी केलीस ना?

एका मुलाच्या हातात शाळेने दिलेला निकाल आहे आणि त्याच शाळेला तो खरा वाटत नाही. वर्गात वीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठी चोरी सुचत नाही. त्या मुलाने रात्री जागून केलेला अभ्यास त्याच्याकडून काढून घेतला.

डिलिबे मुठी वापरायला शिकला. कोणी बोललं की मारायचा. मग शाळेच्या लेखी प्रश्न उरला तो फक्त त्याच्या मुठींचा. हे तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वर्षभर ऐकून घेणारा मुलगा एक दिवस फटका मारतो, आणि तक्रारवहीत नाव चढतं ते त्याचं.

याच काळात त्याच्या घरी काय चाललं होतं तेही ध्यानात घ्या. मे १९६७ मध्ये इग्बोंचा मुलूख बियाफ्रा या नावाने नायजेरियातून फुटला. त्याचं जन्मगाव एनुगू ही नव्या देशाची राजधानी झाली, आणि ऑक्टोबरात नायजेरियाच्या फौजेने ते शहर घेतलं. पुढची दोन-अडीच वर्षं इग्बो मुलखात उपासमार. हाडाचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रं इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून छापून येत होती. एप्रिल १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला खासदार इनॉक पॉवेलने बाहेरून येणाऱ्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, गाव युद्धात, आणि खोलीबाहेर तोच प्रश्न: तुझ्या केसांत किडे किती?

आता मी माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला ईटनबद्दल एक अक्षर बोलायचा अधिकार नाही.

१९९६ चा जून. आमच्या शाळेत सातवीत एक मुलगा आला, टांझानियाचा. वडील म्वान्झा शहरात कापसाच्या धंद्यात होते, त्यांच्या गुजराती भागीदाराने आमची शाळा सुचवली होती. पूर्व आफ्रिकेतली भारतीय घरांतली मुलं आमच्याकडे अधूनमधून येत, पण हा आफ्रिकी मुलगा पहिलाच. उंच, शांत, चालताना हलकी शीळ घालायची सवय. आमच्या पावसाची त्याला फार गंमत वाटायची. धुकं वर्गात शिरलं की हात पुढे करून बघायचा.

जुलैत मी मलिक अंबर शिकवायला घेतला. माझा आवडता धडा. अहमदनगरची निजामशाही बुडायला आलेली असताना तिला वीस-पंचवीस वर्षं तगवून धरणारा वजीर, दख्खनेत गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणणारा सेनानी, खडकी (पुढचं औरंगाबाद) वसवणारा, तिथे पाणी खेळवणारा. मी रंगात येऊन सांगत होतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मलिक अंबर – हबशी'. मुलांना सांगितलं, हबशी म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला.

सबंध वर्ग मागे वळला. पस्तीस डोकी. तिसऱ्या बाकावर तो बसला होता. त्याने आधी मागे पाहिलं, आपल्या मागे कोण आहे म्हणून. मागे भिंत होती.

मी ते पाहिलं. आणि धडा पुढे चालू ठेवला.

त्या रात्री डॉर्मिटरीत तो शब्द पोचला होता. आठवड्याभरात त्याचं नाव कोणी घेईना. हबशी, बॅट आण. हबशी, तुझा नंबर. स्वयंपाकघरातले वाढपीसुद्धा म्हणू लागले, प्रेमाने म्हणत, एक पोळी जास्त घालत. महिन्यातून एकदा न्हावी यायचा. त्या रविवारी मुलं त्याच्याभोवती गोळा झाली, केसांना हात लावून बघायला. कोणी म्हणालं, कात्री मोडेल. न्हावी हसला. मीही व्हरांड्यात होतो आणि हसलो.

त्याच संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दारात आला. "सर, हबशी म्हणजे काय?"

मी इतिहासाचा शिक्षक. मी त्याला शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. अ‍ॅबिसिनियाला अरबीत हबश म्हणतात, तिथला तो हबशी, वाईट शब्द नव्हे, उलट हबशी सरदार केवढे पराक्रमी होते, जंजिरा बघ, वगैरे.

त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पण सर, मी म्वान्झाचा आहे. अ‍ॅबिसिनिया आमच्यापासून खूप लांब आहे."

मी त्याच्या भूगोलाचं कौतुक केलं आणि त्याला प्रेपला पाठवलं.

तुमच्यापैकी जुन्या मंडळींना पत्रांचा तास आठवत असेल. रविवारी नाश्ता झाला की सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं, उघडं आणून द्यायचं, हाउसमास्तरने वाचायचं आणि मग चिकटवून टपालात टाकायचं. परदेशातल्या मुलांचे निळे एरोग्राम असत, विमानाने जाणारी घडीची पत्रं. ऑगस्टमधल्या एका रविवारी त्याने आपला एरोग्राम माझ्या टेबलावर ठेवला. इंग्रजीतच लिहीत असे. पावसाबद्दल, फुटबॉलबद्दल, आणि मग दोन ओळी. त्यांचा अर्थ असा: 'इथे मला एका गुलामाच्या नावाने हाक मारतात. सर म्हणतात तो फार मोठा माणूस होता.'

मी त्याला बोलावून घेतलं. रागावलो नाही. शेजारी बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बाळ, आईवडील इतक्या लांब, त्यांना कशाला काळजी लावायची? मुलं चेष्टा करतात, चार दिवसांत विसरतील. माझ्या खणातला कोरा एरोग्राम काढून दिला. त्याचे पैसे त्याच्या खात्यात लावले नाहीत, हे मी तेव्हा स्वतःच्या चांगुलपणात धरलं होतं. त्याने तिथेच बसून दुसरं पत्र लिहिलं. इथे पाऊस फार आहे. मी शाळेच्या शर्यतीत पहिला आलो. सगळे चांगले आहेत. पहिला एरोग्राम त्याने घडीवर घडी घालून लहान केला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मी दुसऱ्याला डिंक लावला.

शर्यतीत तो खरोखरच पहिला आला होता. पंधराशे मीटर. बक्षीस समारंभाच्या चहाला आमच्यातले एक शिक्षक म्हणाले, यांच्या रक्तातच असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जून-जुलैच्या पावसात हा मुलगा पहाटे पाचला उठून एकटा मैदानाला फेऱ्या मारायचा. ते पाहणारा हाउसमध्ये मी एकटाच होतो, आणि तरी माझीही मान डोलली.

तो दोन वर्षं राहिला. दुसऱ्या मे महिन्याच्या सुट्टीत गेला तो परत आला नाही. ट्रंकही मागवली नाही. त्या एरोग्रामच्या रविवारनंतर त्याच्या पत्रांत मला बदलायला लावावं असं एकही वाक्य आलं नव्हतं.

डिलिबेची गोष्ट मला चटका लावून गेली ती इथे. १९६९ मध्ये तो ईटनमधून बाहेर पडला आणि त्याने ही सगळी वर्षं लिहून काढली. १९७२ मध्ये पुस्तक आलं. शाळेत ऐकलेली शिवीच त्याने पुस्तकाच्या नावात घातली होती. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. शाळेचं उत्तर काय आलं? त्या वेळचे हेडमास्तर मायकेल मॅक्रम यांचं पत्र आलं की यापुढे तू ईटनच्या आवारात पाऊल टाकायचं नाहीस.

ज्यांनी केसांतले किडे मोजले त्यांतल्या कोणालाही अशी बंदी झाल्याचं माझ्या वाचनात नाही. ते माजी विद्यार्थी म्हणून शाळेत येत-जात राहिले असतील, मुलांची नावं घालत राहिले असतील. आवाराबाहेर गेला तो सांगणारा. शाळेच्या नजरेत गुन्हा घडला तो पुस्तक छापलं तेव्हा.

मी हे वाचलं आणि मला माझ्या खणातला तो कोरा एरोग्राम आठवला. मॅक्रमसाहेबांनी जे एका पत्राने केलं ते मी खांद्यावर हात ठेवून केलं होतं. त्यांचं जगाला तरी कळलं. माझं कोणालाच कळलं नाही, त्या मुलाच्या आईलासुद्धा नाही.

मग अठ्ठेचाळीस वर्षं गेली. डिलिबे लंडनमध्ये पत्रकारिता करून १९८१ मध्ये मायदेशी परतले, एनुगूला त्यांनी प्रकाशनसंस्था काढली, पुस्तकांवर पुस्तकं लिहिली. (इथून पुढे मी त्यांना अहो-जाहोच करणार. मुलाचा माणूस झाला.) मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला, जगभर लोक रस्त्यावर आले. बीबीसीने एनुगूत ओनियामांना गाठलं आणि ईटनलाही विचारलं. तेव्हा कुठे जून २०२० मध्ये हेडमास्तर सायमन हेंडरसन यांनी सांगितलं की जे घडलं ते वाचून आपण हादरलो आहोत, श्री. ओनियामांना भेटीला बोलावून आपण समक्ष माफी मागू, शाळेचे दरवाजे त्यांना उघडे आहेत.

ओनियामा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. ते म्हणाले, माफीची गरज नव्हती, ईटनबद्दलचं माझं एकंदर मत चांगलंच आहे. पण या माफीने आपल्याला एक गोष्ट उमगली असंही ते म्हणाले. रंगावरून, वंशावरून होणारा दुजाभाव माणसाचं माणूसपण ज्या तऱ्हेने हिरावतो तसं दुसऱ्या कुठल्या दुजाभावात होत नाही.

या उत्तराचा पहिला अर्धा भाग आपल्याला फार सोयीचा आहे. आपल्या शाळेतही असे माजी विद्यार्थी येतात, म्हणतात, सर, तेव्हा फार त्रास झाला, पण शाळेनेच घडवलं. आपण ते वाक्य स्मरणिकेत छापतो. कृपा करून त्याला आपल्या निर्दोषपणाचा दाखला समजू नका. ज्या शाळेत वडिलांनी जन्मतः नाव घातलं तिच्यावर मुलाने जीव लावायचाच होता. आणि जीव लावलेल्या ठिकाणी रोज कोणी तुझ्या आईच्या नाकात हाड आहे का विचारलं, तर ते परक्या ठिकाणापेक्षा खोल जातं. ती दोन्ही वाक्यं त्याच माणसाची आहेत, दोन्ही खरी आहेत, आणि आपण अर्धं उचलू नये.

२०२२ मध्ये ते पुस्तक पेंग्विनने नव्याने काढलं, शिवी काढून 'अ ब्लॅक बॉय ॲट ईटन' या नावाने. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओनियामा गेले, एकाहत्तराव्या वर्षी. आणि त्याच नोव्हेंबर महिन्यात बातमी आली की ईटनमध्ये एका व्याख्यानाला पाहुण्या म्हणून आलेल्या सरकारी शाळेच्या मुलींची तिथल्या मुलांनी हुर्यो उडवली, बाईपणावरून आणि वंशावरून शिव्या दिल्या. शाळेने पुन्हा माफी मागितली, काही मुलांवर कारवाई केली. दोन वर्षांपूर्वीची माफी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ती हेडमास्तरांच्या कचेरीतून निघाली आणि हाउसच्या जिन्यापर्यंत पोचली नाही, एवढं तर दिसतंच.

आपल्याकडे येऊ. आफ्रिकेतली मुलं पुण्यात मोठ्या संख्येने शिकतात, त्यांना भाड्याने घर मिळताना काय होतं हे पुणेकर जाणतात. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, तेव्हा एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मॉलमध्ये शिरून मारलं. ही माणसं आभाळातून पडत नाहीत. कधीतरी ती सातवीच्या वर्गात असतात आणि मास्तर फळ्यावर एक शब्द लिहितो तेव्हा मागे वळून बघतात.

आणि आफ्रिकेपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या हाउसमधल्या मणिपूर-नागालँडच्या मुलाला काय म्हणतात, रंगाने काळ्या मुलीला गॅदरिंगच्या नाटकात कोणतं काम मिळतं, आडनावावरून कोणाला बाजूला बसवतात, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. आज मी माझ्या चुकीपुरतं बोलतो.

तर माझं मागणं. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यार्थ्याने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, हे त्यात आहे. चांगलं आहे. पण तेरा वर्षांचा मुलगा लेखी तक्रार देत नाही. तो दारात येऊन शब्दाचा अर्थ विचारतो. तीच त्याची तक्रार असते. ती ओळखायला शिका आणि त्याच दिवशी वहीत लिहा, आपल्या हाताने. त्या वहीत 'चेष्टा' हा शब्द वापरू नका. काय म्हटलं, कोणी म्हटलं, कितव्यांदा म्हटलं, ते जसंच्या तसं लिहा. शब्द कागदावर आला की त्याची चेष्टा राहत नाही.

इतिहासाच्या शिक्षकांना वेगळं सांगतो. मलिक अंबर जरूर शिकवा, पण मी शिकवला तसा नको. इथियोपियात जन्मलेलं पोर, नाव चापू, बाजारात हातोहात विकलं गेलं, हे सांगताना त्याला विकणारे आणि विकत घेणारे कोण होते तेही सांगा. ज्याने त्याला दख्खनेत आणलं तो चंगीझखान स्वतः हबशी होता आणि निजामशाहीत पेशवा होता, हे सांगा. जहांगीर बादशहाला हा माणूस रणात कधी हाती लागला नाही. मग त्याने काय केलं? आत्मचरित्रात अंबरला रंगावरून हिणवलं, आणि भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या अंबरच्या तुटक्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत असं चित्र काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्यानंतर दहा वर्षं लढत राहिला आणि १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला. भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. हा सगळा धडा मला १९९६ मध्येही पाठ होता. बादशहाच्या त्या चित्राबद्दल मी वर्गाला सांगितलं असतं, काळेपणावरून शिवी कोण देतो आणि का देतो हे विचारलं असतं, तर ती पस्तीस डोकी कदाचित फळ्याकडेच राहिली असती.

विश्वस्तांना विनंती अशी की शाळेविषयी वाईट लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्याला वकिलाची नोटीस धाडू नका, ग्रूपमधून काढू नका. रौप्यमहोत्सवाला, सुवर्णमहोत्सवाला त्याला बोलवा. आणि ज्यांनी काहीच लिहिलं नाही, सुट्टीला गेले ते परत आले नाहीत, त्यांची नावं जुन्या रजिस्टरांत आहेत. ती काढा. प्रत्येकाला एक पत्र लिहा. उत्तर येणार नाही कदाचित. मी माझ्या विद्यार्थ्याला शाळेतल्या जुन्या पत्त्यावर लिहिलं आहे, आठ महिने झाले. मराठीत लिहिलेलं हे पत्र तो वाचू शकणार नाही, म्हणून त्याला इंग्रजीत वेगळं लिहिलं. त्यात खुलासा काही केला नाही. त्याची ती दोन वाक्यं मी त्याच्या आईपर्यंत जाऊ दिली नाहीत, एवढं कबूल केलं.

हाउसमास्तरांनो, शेवटचं तुम्हाला. आता एरोग्राम गेले, पत्रांचा तास गेला. मुलं रविवारी घरी फोन करतात. दहा मिनिटं, वॉर्डनच्या मोबाइलवरून, वॉर्डनच्या खोलीत, वॉर्डन समोर बसलेला, पुष्कळ ठिकाणी तर स्पीकर चालू. मूल सांगतं, जेवण चांगलं आहे, अभ्यास चालू आहे. जूनमध्ये नव्या ट्रंका येतील, पहिला रविवार येईल. त्या दिवशी फोन मुलाच्या हातात द्या, खोलीबाहेर जा आणि दार लोटून घ्या. दहाची पंधरा मिनिटं झाली तरी दारावर टकटक करू नका.

आपला,
एक निवृत्त हाउसमास्तर